डाळ शिजेपर्यंत सुरू होणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर मरत नसतो, त्याच्या आजूबाजूची माणसं धीर सोडतात, असं माझ्या आत्याचं ठाम मत आहे. आणि मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत पसरलेल्या आमच्या नातेवाइकांत या मताची झळ न लागलेलं एकही घर नसेल. रिटायर झाल्यावर तिच्या वयाच्या बायका भजनी मंडळात जातात, नाहीतर गुडघे बदलून घेतात. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या माझ्या आत्याने लिनक्स शिकून घेतलं. कॉम्प्युटर चालवणारी ही सिस्टीम फुकट मिळते आणि जुन्या मशीनवरही चालते, असं तिला कुणीतरी सांगितलं. या दोन गोष्टी एका वाक्यात ऐकल्यावर ती गप्प बसणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून तिच्या पर्समध्ये कुंकवाच्या डबीशेजारी एक पेन ड्राइव्ह असतो, आणि समारंभाला ती दोन्ही घेऊनच जाते. बोरिवलीला एक साखरपुडा घरच्या घरी होता. तिथे नवऱ्या मुलाचे वडील सहज म्हणाले की आमचा लॅपटॉप फार रडतो, टाकून द्यावा म्हणतो. आत्याने हातातला पेढा अर्धा तसाच खाली ठेवला. अंगठ्या घालून होईपर्यंत लॅपटॉपवर लिनक्स चढलं होतं आणि तो खरंच पळायला लागला होता. फक्त त्या दिवसापासून त्यांचा प्रिंटर बोलेनासा झाला, आणि लग्नपत्रिकांवरचे सगळे पत्ते त्या गृहस्थांना हाताने लिहावे लागले. “बरं झालं,” आत्या म्हणाली, “अक्षर तरी सुधारेल.” बाबा तिचे धाकटे भाऊ. त्यांनी घरात नियमच करून टाकलाय. “ताई, तू ये, जेव, झोप, टीव्ही बघ. माझ्या लॅपटॉपला मात्र हात लावायचा नाही.”

मला असला नियम करता आला नाही. एक तर मी कमी बोलते, आणि आत्याला ऐकणारं माणूस लागतं. दुसरं म्हणजे ती आमच्यापासून दोनच गल्ल्या सोडून एकटी राहते. त्यामुळे दर रविवारी मी तिच्याकडे जेवायला, आणि जेवणाआधी तिच्या कॉम्प्युटरचं कौतुक करायला. हा कॉम्प्युटर तिच्या सोसायटीच्या ऑफिसने भंगारात काढलेला. सीपीयू कधीकाळी पांढरा असावा, आता कढीच्या रंगाचा आहे. त्याची एक बाजू कायमची उघडी, आणि त्या बाजूला टेबल फॅन. कॅमेरा मॉनिटरवर कपड्यांच्या चिमट्याने लावलेला. रॅम तीन जीबी. एवढ्या भांडवलावर एखादा समजूतदार माणूस लिनक्सचं हलकं डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरचं साधं रूप, लावेल. तसली डेस्कटॉप मिळतातही, साधी, करड्या रंगाची, जुन्या मशीनसाठीच बनवलेली. आत्याला मात्र सगळ्यात नवं, सगळ्यात नटवं डेस्कटॉप हवं. पडद्यावरच्या खिडक्यांना सावल्या हव्यात, बंद करताना त्या विरघळायला हव्यात, इकडून तिकडे ओढताना जेलीसारख्या हलायला हव्यात. मी एकदा घाबरत घाबरत हलक्या डेस्कटॉपचं सुचवून पाहिलं. तिने मशीनवर हात ठेवत चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “म्हातारी झाली म्हणून तिला करडं लुगडं नेसवू? मी नेसते का?” ती नेसत नव्हती. त्या दिवशी तिच्या अंगावर पोपटी ड्रेस होता.

तर अशी ती खिडकी ओढायची आणि आम्ही दोघी बघत राहायचो. “बघ, बघ, कशी लाटेसारखी हलतेय!”

“आत्या, ती हलत नाहीये. अडकलीये.”

“अगं बाय, येते. तिला वेळ दे.”

वेळ हा या घरातला मोठा विषय. तिच्या इमारतीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या मधल्या एकाच उभ्या, चिंचोळ्या डक्टमध्ये उघडतात. सकाळी अकराच्या सुमाराला पाच-सहा कुकर एकदम शिट्ट्या देतात, त्यातली आपली कोणती हे देवालाही सांगता येणार नाही. आत्याने यावर शोधलेला उपाय मी कुणाला सांगितला तर विश्वास बसत नाही. एका हाताने ती गॅस पेटवते, दुसऱ्या हाताने कॉम्प्युटरचं बटण दाबते. डेस्कटॉप सावल्यांसकट पूर्ण उमटलं की तूरडाळ शिजली. गॅस बंद. वर्षानुवर्षं हे गणित चुकलेलं नाही. नाही म्हणायला एकदा मशीन सुरू होतानाच अपडेट बसायला लागलं आणि डाळ तळाला लागून कोळसा झाली. आत्याने सगळ्यांना फोन करून सांगितलं, “आज अपडेट आलं होतं, म्हणून पिठलं केलं.”

तिची एक वहीही आहे. ऑफिसची जुनी डायरी, तिच्यात सगळ्या कमांड निळ्या शाईने, आणि खाली मराठीत टिपा. ‘ही दिल्यावर आवाज जातो.’ ‘ही देऊन वायफाय आलं, कारण कळलं नाही.’ ‘ही पुन्हा देऊ नये’, आणि त्याखाली दुसऱ्या तारखेला, ‘पुन्हा दिली.’

मला याचा किती वैताग यायचा ते मी कधी बोलून दाखवलं नाही. मी मनातल्या मनात दात-ओठ खाते, वरून माझा चेहरा कौतुकाचाच असतो.

मागच्या वर्षी मात्र त्या मशीनची गरज मलाच पडली. अंधेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कस्टमर सपोर्टची जागा होती आणि मुलाखत ऑनलाइन होती. आधीच्या दोन मुलाखतींत मी जवळजवळ काहीही न बोलता परत आले होते. हीसुद्धा गेली असती तर बाबांच्या मित्राच्या ऑफिसात फायली लावायला बसायचं, हे घरात ठरूनही गेलं होतं. साडेअकराची मुलाखत. साडेदहाला माझ्या लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली ती परत आलीच नाही. बाबा त्यांचा लॅपटॉप घेऊन ऑफिसला गेलेले. मुलाखतीत स्क्रीन दाखवून एक चाचणीही द्यायची होती, त्यामुळे फोनवर भागणार नव्हतं. मी चपला घालून दोन गल्ल्या पळत गेले.

आत्याने मला मशीनसमोर नेलं. खुर्ची पुसली, टेबल फॅन तीनवर केला, कॅमेऱ्याचा चिमटा सरळ केला. मी तिलाच तिच्या फोनवर कॉल लावून पाहिला. त्यात माझं तोंड उघडं राहून थिजलं होतं आणि आवाज माझ्या चार वाक्यं मागून येत होता. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“आत्या, हे सगळं बंद कर ना,” मी म्हणाले. “सावल्या, जेली, सगळं. प्लीज.” माझा आवाज चढला होता. तिच्यासमोर पहिल्यांदाच.

तिने वही उघडली, थेट शेवटचं पान. तिथे हलक्या डेस्कटॉपच्या कमांड आधीच लिहून ठेवलेल्या होत्या. मथळा होता, ‘नाइलाज झाला तर’. तिने एका बोटाने एकेक अक्षर टाइप केलं. मशीन बंद होऊन सुरू झालं आणि समोर करडा पडदा आला, खाली एक पट्टी, बाकी काही नाही. ती त्याच्याकडे क्षणभर पाहत उभी राहिली. मग आत गेली आणि शिटी मध्येच होऊ नये म्हणून कुकरखालचा गॅस बंद करून आली. “बोल आता,” ती म्हणाली. “मी आत आहे. माझ्याकडे बघू नकोस.”

कॉल एकदाही अडकला नाही. चाचणी झाली, आणि मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, एखादा ग्राहक अतिशय हट्टी असेल, तुमचं काहीच ऐकत नसेल, तर काय कराल? आणि मी बोलायला लागले. माझ्याकडे या विषयावर कित्येक रविवारांचा साठा होता. मी सांगितलं, त्यांना चूक म्हणायचं नाही, आधी त्यांच्या मशीनचं कौतुक करायचं. त्यांनी स्वतः काय काय करून पाहिलंय ते लिहून घ्यायचं. त्यांना जे हवंय ते आपल्याला मूर्खपणाचं वाटलं तरी का हवंय ते विचारायचं. मी किती वेळ बोलले कुणास ठाऊक. मध्ये ते दोघे हसलेसुद्धा. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज नव्हता.

कॉल संपल्यावर आत्या दारात आली. “अतिशय हट्टी?”

मी कॅमेऱ्याचा चिमटा काढून परत लावला.

“चांगलं बोललीस,” ती म्हणाली. “पण मूर्खपणाचं वाटलं तरी, हे जरा जास्त झालं हां.”

नोकरी लागली. ऑफिसने नवा लॅपटॉप दिला. आत्याने तो उलटा करून पाहिला आणि विचारलं, “सोळा जीबी? एवढ्याचं करायचं काय?” शिफ्ट रविवारीही असते, त्यामुळे माझं जाणं बंदच पडलं. फोन करायचा राहून जायचा. परवा चारेक महिन्यांनी एक रविवार मोकळा मिळाला आणि मी जेवायला गेले. पहिल्याच घासाला डाळ दाताखाली कचकचली.

“आत्या, डाळ कच्ची आहे.”

“हल्ली अशीच होते. डाळच चांगली येत नाही.”

मी ताटावरून उठून बाहेरच्या खोलीत गेले. मॉनिटरवर तोच करडा पडदा होता, खाली एक पट्टी. आता ते मशीन डाळ शिजायच्या कितीतरी आधीच सुरू होत होतं, आणि आत्या सवयीने पडदा उमटला की गॅस बंद करत होती.

“हे परत का नाही बदललंस?”

“राहू दे गं.” ती पाणी प्यायली. “तुझा ऐन वेळी कॉल असला तर? तेव्हा कुठे बदलत बसू?”

नवा लॅपटॉप आहे माझ्याकडे, असं मी म्हणणार होते. त्याऐवजी वही घेतली आणि तिने निळ्या शाईने लिहिलेल्या जुन्या कमांड, टिपांसकट वाचत, एकेक टाइप केल्या. आत्याने डाळ परत कुकरमध्ये घातली. मी बटण दाबलं, तिने गॅस पेटवला, आणि आम्ही दोघी काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. माझा ऑफिसचा लॅपटॉप झाकण उघडताच सुरू होतो; त्यात कुणाशी काही बोलून होत नाही. इथे ती मला खालच्या मजल्यावरच्या जोशीणबाईंच्या प्रिंटरची पूर्ण हकीकत सांगू शकली. डक्टमध्ये कुणाच्या तरी कुकरची शिटी झाली. आमची असेल, नसेल. पडद्यावर एक खिडकी हळूहळू सावलीसकट उमटायला लागली आणि मध्येच अडकली. आत्या उठायला लागली तसं मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

“थांब,” मी म्हणाले. “येते. तिला वेळ दे.”