खाडीकडचा गोल

उंटावरून शेळ्या हाकण्यात माझा हात धरणारा नेरूळमध्ये कोणी नव्हता. आमच्या सेक्टरची फुटबॉल टीम दर रविवारी सकाळी हरायची आणि मी लाइनीबाहेर उभा राहून सगळ्यांना अक्कल शिकवायचो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेवटी एका मीटिंगमध्ये आमचा गोलकीपर म्हणाला, यांनाच मॅनेजर करा. तो शेजारच्या गावातला. मैदान व्हायच्या आधी ती जमीन त्याच्याच घरची होती. बाकीचे हसले. मी मात्र आतून फुगलो.

नव्या शहराचे नकाशे काढणं ही माझी नोकरी, ड्राफ्ट्समनची. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी मैदानाचाही नकाशा काढला आणि आम्ही खाल्लेल्या प्रत्येक गोलाची लाल खूण केली. हाफबॅक पुढे सरकवले, धापा टाकणाऱ्या कॅप्टनला बाहेर बसवलं. तरी हरतच होतो. लाल खुणा वाढल्या तसं एक लक्षात आलं. सगळ्या खुणा खाडीकडच्या गोलासमोर, एकाच जागेभोवती होत्या. तिथे बॉल पडला की उसळत नसे, आणि कीपर तिथे कधीच पाऊल टाकत नसे.

मी त्याला म्हटलं, पाच पावलं पुढे येऊन उभा राहा.

"साहेब, तिथं आमची बाव हाय," तो म्हणाला.

ती विहीर बुजवून सात-आठ वर्षं झाली होती. त्याची आई अजून दर मंगळवारी येऊन त्या सपाट जमिनीवर हळदकुंकू वाहायची आणि मागे न बघता निघून जायची. मी त्या जागेवर जाऊन दोन उड्या मारून दाखवल्या. आवाज भरीव आला नाही. मे महिन्याचं ऊन होतं, आणि बुटांच्या आतून माझ्या तळव्यांना गार लागलं. मी हसलो खरा, पण तिसरी उडी मारली नाही.

सोमवारी ऑफिसात त्या भागाची जुनी ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावरचा मूळ नकाशा, शोधून काढली, माझा नकाशा तिच्याखाली ठेवला आणि खिडकीशी धरला. लाल खुणांच्या बरोबर मधोमध ट्रेसिंगचा कागद विरला होता. शाई ब्लेडने खरवडून काढली की कागद असाच पातळ होतो. ते खरवडणं माझ्याच हातचं होतं. वरिष्ठांनी मैदान मोकळं दाखवा म्हटलं होतं, आणि विहिरीचं एवढंसं वर्तुळ मी दोन मिनिटांत नाहीसं केलं होतं. मग हेही आठवलं की त्याआधी मोजणीला गेलो असताना मी त्याच विहिरीचं पाणी प्यायलो होतो. एका बाईने पितळी तांब्यातून दिलं होतं.

हे कीपरला सांगायला हवं होतं. पण येत्या रविवारी हरलो तर टीम बंद करायचं ठरलं होतं, आणि मला जिंकायचं होतं. सांगायचं सोडून उलट त्याला बजावलं की पुढे आला नाहीस तर दुसरा कीपर घेईन. याची आजही लाज वाटते.

तो पुढे आला. आधी बूट काढले, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि त्या जागेवर उभा राहिला. तिथे येणारा प्रत्येक बॉल त्याने वरच्या वर पकडला. आम्ही एका गोलाने जिंकलो. सगळे नाचत होते आणि मी त्याच्या पायांकडे बघत होतो. मैदान कोरडं ठणठणीत, आणि त्याचे पाय घोट्यापर्यंत ओले. त्यांना मातीचा कणही चिकटलेला नव्हता.

मला राहवेना. मी म्हणालो, "ती विहीर नकाशावरून मी खरवडली."

"म्हाईत हाय. आयनं तुमाला पयल्या दिवशीच वलखला." त्याने शांतपणे बूट उचलले. "म्हनून तर मॅनेजर केला. आय बोलली, त्याची त्यालाच जागा सापडू दे."

त्याची आई लाइनीपलीकडे पितळी तांब्या घेऊन उभी होती. ती मॅचकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिने तांब्या पुढे केला आणि मी तो घेतला. पाणी गार होतं. ती चव मी विसरलो नव्हतो.