लांडगीच्या तोंडातली घाटी

श्यामलाल सलामे म्हातारपणी गळ्यात घाटी बांधून फिरायचा. बकरीच्या गळ्यात बांधतात ती घंटा, पितळेची, लिंबाएवढी. बाजाराच्या दिवशी पोरं मागं लागायची, "अबे बुढ्या, दूध किती देऊन राहिला?" तो रागवायचा नाही. परक्या माणसाला वाटे, बुढ्याचं डोकं फिरलंय. डोकं कसलं फिरतंय! अख्ख्या वस्तीत त्याच्याइतकं ठिकाणावर डोकं कुणाचं नव्हतं, आणि तीच त्याची शिक्षा होती. हसायचं असेल तर आधी ऐकून घ्या, मग खुशाल हसा.

दरेकशाच्या पलीकडं, जंगलाला लागून चाळीस घरांची वस्ती, टोला म्हणतात तिला. साऱ्या टोल्याच्या बकऱ्या श्यामलाल चारायचा, बाप चारायचा तशाच. लांडगे तिथं आधीपासूनच होते. वर्षाला दोन-चार बकऱ्या न्यायचे, लोक आयमाय काढायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. पण २००३ साली माघात एक लंगडी मादी आली. मागचा पाय कशात तरी अडकून मोडलेला. तिला चितळ धरणं जमत नव्हतं, आणि नाल्याच्या काठच्या बिळात चार पिल्लं होती. भुकेलं जनावर काय करणार? एका महिन्यात तीन बकऱ्या नेल्या.

तिन्ही वेळा घाटीवालीच. झुडपात कळप कुठं आहे ते ऐकू यावं म्हणून पुढच्या पाच-सहा बकऱ्यांना घाटी असते. ही लंगडी बाकीच्या साठ बकऱ्या सोडून नेमकी तीच उचलायची. तिसरी होती श्यामलालची स्वतःची भुरी, हातावर दूध पाजून वाढवलेली. तो कुऱ्हाड घेऊन मागं धावला. बकरी काही सुटली नाही, पण दोरा तुटून घाटी तेवढी लंगडीच्या तोंडातून खाली पडली. ती पुसून त्यानं घरी आणली.

चाळीस वर्षं बकऱ्यांमागं काढलेल्या माणसाला कितीसा वेळ लागणार? त्याला कळलं. लंगडी आवाजावर येते. दुसऱ्याच दिवशी त्यानं कळपातल्या सगळ्या घाट्या सोडून ठेवल्या. कुणाला बोलला नाही. लोक म्हणाले असते, बुढा भ्याला. त्यानंतर महिनाभर एकही बकरी गेली नाही. इथवर बुढा शहाणा होता.

पण त्या टोल्यात जुनी समजूत होती: लांडग्याच्या तोंडातून जे सुटलं ते तो दुसऱ्यांदा तोंडात घेत नाही. म्हणून अशी घाटी हाती लागली की घरातल्या लहान लेकराच्या कमरेला बांधायची, मग लेकराला जंगलात भीती नाही. श्यामलालच्या कमरेला लहानपणी तशी होती, त्याच्या बापाच्याही होती. आणि दोघंही म्हातारे झाले की नाही?

मोहाची फुलं गळायला लागली तशा बाया पहाट फुटताच टोपल्या घेऊन वेचायला निघायच्या. श्यामलालची सून चमेली दोन जीवांची होती, आणि वर अडीच वर्षांची चंचल. नावासारखीच पोर, एका जागी ठरायची नाही. चमेली म्हणाली, "मामाजी, भुरीची थे घाटी द्या नं. पोट्टी वाजत राहीन त मले समजन, कोठी आहे."

श्यामलालनं घाटी काढली आणि हात थांबला. डोळ्यांनी पाहिलेलं एकीकडं, त्याच्या आजानं सांगितलेलं एकीकडं. त्यानं आजाचं ऐकलं. काळा दोरा घेतला, सात गाठी मारल्या आणि स्वतःच्या हातानं नातीच्या कमरेला बांधली. पोरगी अंगणभर नाचली. बुढाही हसला.

चौथ्या सकाळी चमेली मोहाखाली वाकलेली होती. खालचा पाला जाळून जागा साफ केलेली, त्यावर पिवळी फुलं पसरलेली. एका झाडाखालचं संपलं तशी ती दोन झाडं पुढं गेली. घाटी मागं वाजत होती. मग भराभरा वाजू लागली. चमेलीला वाटलं, पोट्टी धावते आहे. मग आवाज नाल्याकडं उतरत गेला, आणि ती टोपली टाकून किंचाळत सुटली.

नाल्यात काय सापडलं ते मी सांगणार नाही. श्यामलालनं आपल्या धोतरात गुंडाळून आणलं आणि आईला पाहू दिलं नाही. घाटी त्यानं कमरेला खोचली.

पोरीला माती दिली आणि तिसऱ्या दिवशी तीन टोल्यांचे लोक काठ्या-कुऱ्हाडी घेऊन जमले. वनखात्याचा गार्ड सांगत होता, पिंजरा येतो आहे, थांबा. कोण थांबतो! बिळं श्यामलालला ठाऊक, तो पुढं. तोंडाशी तणस पेटवून वर मिरच्या टाकल्या. लंगडी खोकत बाहेर आली तिथंच पडली. पिल्लं अजून मांजराएवढीच होती. त्यांना श्यामलालनं मारलं, चारही, एकट्यानं. तिचा नर निसटला. लोक म्हणाले, बुढ्यानं नातीचा सूड घेतला. त्यानं घरी येऊन घाटी वळचणीत लपवली.

लांडगी मेली, पण बोल लावायला माणूस लागतोच. बाकीच्या बाया बाजूलाच होत्या, कुणाचं लेकरू गेलं नाही, हिचंच का? शेजारची सुलोचनाबाई विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणाली, "दोन मूठ मोहासाठी लेकरू सोडून गेली. मायच आहे का हे?" योगराज, चमेलीचा नवरा, वर्षभर तिच्या हातचं पाणी प्याला नाही. ती दुसऱ्यांदा बाळंत झाली, मुलगा झाला, तरी घरात कुणी हसलं नाही. एकदा तिनं सासऱ्याला विचारलं, "मामाजी, थे लांडगी एवढ्या मानसात माह्याच पोट्टीपाशी काऊन आली?"

"नशीब," श्यामलाल म्हणाला.

एवढा एकच शब्द! आणि बुढा जेवला, झोपला, उठला, बकऱ्या घेऊन गेला. दोन वर्षं. सून विहिरीवर मान खाली घालून पाणी भरायची, आणि हा वळचणीत लपवलेल्या घाटीकडं बघायचा. एका शब्दानं तिची मान वर झाली असती. पण तो शब्द काढला असता तर त्याची स्वतःची कायमची खाली गेली असती, आणि त्याला ते सोसवत नव्हतं. खरं तेच सांगतो, भेकड होता.

२००५ साली मोहाच्या दिवसांत तो बकऱ्या घेऊन टेकडी उतरत होता. कळप बिनघाटीचा, गुपचूप; निसटलेला नर अजून रानात होता. आणि खाली मोहाच्या झाडातून घाटी वाजली.

आवाज ओळखायला त्याला बघावं लागलं नाही. चमेलीला ती छप्पर शाकारताना वळचणीत सापडली होती. लेकीची वस्तू म्हणून तिनं ती छातीशी धरली असेल, रडली असेल, आणि दीड वर्षाच्या पोराच्या कमरेला बांधली. हे लेकरू तरी नजरेआड गेलं तर ऐकू यावं म्हणून.

बुढा काट्याकुट्यातून पडत-धडपडत धावला. "सोड! सोड थे घाटी!" बाया उभ्या राहिल्या. त्यानं पोराला उचललं, दोरा ओढू लागला, गाठ सुटेना. "थे घाटीवरच येत होती लंगडी! बकऱ्याच्या सोडल्या म्या, आन पोट्टीले बांधली. तुहा काही कसूर नाही, बाई. माहा आहे."

सुलोचनाबाईच्या हातातली फुलं तशीच राहिली. चमेली जवळ आली. ओरडली नाही. तिनं एकच विचारलं, "बांधली तवा मालूम होता तुमाले?"

खोटं बोलता आलं असतं. दोन वर्षं जमलंच होतं.

"मालूम होता," श्यामलाल म्हणाला. "पन बुढे म्हनत..."

पुढचं तिनं ऐकलं नाही. पोराच्या कमरेची गाठ दातानं तोडली, दोरा वाढवला आणि बकरीला बांधतात तशी ती घाटी सासऱ्याच्या गळ्यात बांधली. त्यानं मान वाकवून दिली.

ती त्यानं पुन्हा सोडली नाही. योगराज बायकोच्या पाया पडला, सुलोचनाबाई उंबऱ्यात येऊन रडून गेली. चमेली त्यांच्याशी बोलू लागली. सासऱ्याशी मात्र नाही. लांबून घाटी ऐकू आली की ती ताट वाढून ठेवायची आणि मागच्या वाडीत निघून जायची. सात वर्षं.

२०१२ च्या पावसाळ्यात श्यामलाल मेला. टोल्याच्या रीतीनं त्याला माती द्यायची होती, चंचलला दिली त्याच जागी. योगराजनं विळ्यानं गळ्यातला दोरा कापायला घेतला, तेव्हा चमेली पुढं झाली.

"राहू द्या थे," ती म्हणाली. "चंचल तठीच आहे. आजा आला म्हनून तिले समजन."

मग लोकांनी माती लोटली.