स्वतःवरच्या खटल्याचा पाठपुरावा

मी जालन्याला बी.ए. करत होतो तेव्हा आई-बाप पत्र्याच्या खोलीत राहत होते आणि घरकुलाच्या यादीतून आईचं नाव गायब झालं होतं. हेलपाटे घालून पंचायत समितीच्या कचेरीतले एक कारकून, भाऊसाहेब, ओळखीचे झाले. ते प्रत्येक कागद दोनदा वाचायचे आणि चुकीचा असला तरी “बराबर” म्हणायचे.

यादीत दुमजली घरवाले घुसवल्याचा चौकशी अहवाल ‘गोपनीय’ म्हणून कपाटात बंद होता. एका सकाळी तो बाहेरच्या नोटीस बोर्डावर लागला, खाली जावक क्रमांक आणि भाऊसाहेबांची सही. गुपित फोडलं तेही रीतसर!

यादी मंजूर करणारे कचेरीचे साहेब भडकले, “खटलाच भरतो” म्हणाले. पण नोटिसा लिहायचं काम भाऊसाहेबांकडंच. त्यांनी स्वतःला नोटीस काढली, स्वतःच घेतली आणि पोच फायलीला लावली.

मी चिडून म्हणालो, “भाऊसाहेब, चोर मोकळे अन् खटला तुमच्यावर? हा कुठला न्याय?”

“गोपनीय कागद फोडलाय ना मी? मंग खटला झालाच पाह्यजे. कोर्टात हा अहवाल मोठ्यानं वाचावा लागंल का न्हाई?”

हे साहेबांच्या कानावर गेलं आणि ते एकदम गोड बोलू लागले. “जाऊ द्या हो, विषय संपला.” भाऊसाहेब ऐकेनात. दर सोमवारी स्मरणपत्र: ‘विषय – माझ्यावर खटला भरणेबाबत.’

अकराव्या स्मरणपत्रानंतर साहेबांनी जुनी यादी रद्द केली. खटला झालाच नाही. नव्या यादीत आईचं नाव सातवं आहे.