चार ई-रीडर आणि औरंगपुऱ्याची गिऱ्हाइकं

गल्ल्यात संध्याकाळी किती जमतं ते विचारू नका, पण किस्से मात्र रोज जमतात. औरंगपुऱ्यात आमचं मोबाईलचं दुकान आहे. कव्हर, चार्जर, हेडफोन, स्क्रीनगार्ड, असलं सगळं. स्क्रीनगार्ड बसेपर्यंत माणूस घरातलं सगळं सांगून मोकळा होतो. आपण फक्त "हो का?" म्हणायचं. ऐकायला भांडवल लागत नाही आणि ऐकलेलं ठेवायला गोडाऊन लागत नाही.

पण ज्या मालानं आम्हाला सगळ्यात जास्त किस्से दिले, तो मी मागवलाच नव्हता. तो आणला प्रकाशनं. प्रकाश म्हणजे माझा मेहुणा. दुकानात माझा पार्टनर आणि घरी माझ्या बायकोचा लाडका भाऊ. म्हणजे त्याला बोलायचं तर दोन्हीकडचा विचार करून बोलावं लागतं!

तर हा पठ्ठ्या मुंबईला होलसेलमध्ये चार्जर आणायला गेला आणि येताना चार ई-रीडर घेऊन आला. "दाजी, स्कीम होती! टॅबलेटच्या अर्ध्या किमतीत!"

मी डबा उघडला. कॅमेरा नाही. गाणं वाजत नाही. फोन लागत नाही. स्क्रीन चालू केली तर काळी-पांढरी.

"अरे, आपल्या गल्लीतला टीव्ही रंगीत झाला तेव्हा तू शाळेत होतास. आणि आता तू काळं-पांढरं घेऊन आलास?"

"पुस्तकं वाचायचं मशीन आहे दाजी. लई डिमांड आहे म्हणे."

"कुठं?"

"मुंबईला."

त्या दिवशी मी जाहीर केलं की हे चारही पीस विकले जात नाहीत तोपर्यंत प्रकाशनं खरेदीला जायचं नाही. खरेदीला जाणं म्हणजे प्रकाशचा जीव की प्राण. गाडीत बसायचं, दादरला वडा खायचा, होलसेलवाल्यांशी हुज्जत घालायची. ते सगळं बंद! त्यानं बहिणीकडं तक्रार केली. बहीण म्हणाली, "बरं झालं."

*

चारातला एक डेमोसाठी फोडला, तीन पॅक ठेवले. डेमोत काहीतरी वाचायला पाहिजे म्हणून प्रकाशनं सगळ्यात स्वस्त मराठी कादंबरी बघून त्यात टाकली. नाव वाचलं नाही, फक्त किंमत वाचली.

पहिलं गिऱ्हाईक आलं फुलंब्रीकडचं. अद्रकवाले काका, डोक्याला रुमाल, सोबत कॉलेजातली लेक. लेकीनं मशीन हातात घेतलं आणि तिचे डोळे असे चमकले, की मला वाटलं झाला सौदा.

काका म्हणाले, "भरून देता का?"

आमच्याकडं मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायची पद्धत, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "काका, ह्यात पुस्तकं भरायची. पण ती वेगळी विकत घ्यायची."

"म्हंजी? दहा हजार द्यायचे आन् आत काय नाय?"

"कपाट घेतलं की त्यात कपडे कोण देतं का काका?"

काकांनी एक क्षणही दवडला नाही. "देतात की. लग्नात!"

लेकीनं मशीन खाली ठेवलं आणि ते गेले.

*

औरंगपुऱ्यात भाव न करता कोणी काही घेत नाही. कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा माणूस तीनदा निघून जातो आणि चारदा परत येतो. पण मशीनमध्ये भाव पाडायला काय खोड काढायची हे लोकांना कळेना. भाजी असती तर शिळी म्हटलं असतं.

एक बाई म्हणाल्या, "पान उलटल्याचा आवाज येत नाय. त्याचे कमी करा."

दुसऱ्या दिवशी एक रिटायर्ड प्रोफेसर आले. त्यांनी मशीन पुढून-मागून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. मग म्हणाले, "एवढ्या पैशात पन्नास पुस्तकं येतील."

मी विचारलं, "सर, मागच्या वर्षी किती घेतली?"

"एकही नाही."

"मग?"

"पण घेतली असती, तर पन्नास आली असती!"

*

एक साहेब रोज यायचे. मशीन हातात घ्यायचे, दुसऱ्या हातानं मोबाईलवर भाव बघायचे. मी मुद्दाम चहा मागवायचो. चहा पिऊन झाला की म्हणायचे, "ऑनलाइनला आठशेनं स्वस्त आहे."

एकदा प्रकाश तडकला. "मग चहा पण ऑनलाइन मागवा!"

साहेब गेले ते गेलेच. पंधरा दिवसांनी हातात नवा डबा घेऊन हजर. ऑनलाइन मागवला होता. चेहरा पडलेला.

"चालू कसा करायचा हो?"

मी शांतपणे म्हणालो, "शिकवणीचे आठशे!"

साहेब इतके हसले, की मग मी फुकटच शिकवलं. जाताना त्यांनी दोन कव्हर आणि एक चार्जर घेतला, तेसुद्धा भाव न करता.

*

पहिला पीस विकला गेला तो मात्र वेगळ्याच गुणावर. एक गृहस्थ आले, सोबत स्पर्धा परीक्षेवाला पोरगा. पोराची मान खाली, अंगठा मोबाईलवर.

"ह्यात काय काय होतं?" गृहस्थांनी विचारलं.

प्रकाशनं तोंड उघडलं आणि खरं सांगून टाकलं, "काहीच होत नाय."

"गेम?"

"नाय."

"रील?"

"नाय."

"कुणाशी चॅटिंग?"

"काका, ह्यात नुसतं वाचता येतं. दुसरं काय करायची इच्छा झाली तरी करता येत नाय."

"पॅक करा!"

पोरानं प्रकाशकडं असं पाहिलं, की मीच एक पाऊल मागं सरलो. पण त्या दिवशी आम्हाला धंदा कळला. आधी आम्ही मशीनमध्ये काय आहे ते सांगत होतो, म्हणून ते महाग वाटत होतं. सांगायचं होतं ते काय नाही ते!

*

आता साळवे सिस्टर. ह्यांच्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही.

सिस्टर फुलंब्रीच्या सरकारी दवाखान्यात नर्स. रोज अप-डाऊन. संध्याकाळी बसमधून उतरल्या की औरंगपुऱ्यात भाजी घ्यायच्या आणि पिशवी घेऊन आमच्या दुकानात यायच्या.

"उतरला का भाव?"

"नाय सिस्टर."

"बरं, बघते जरा."

मेथीची पिशवी काउंटरवर, चष्मा नाकावर, डेमोचं मशीन हातात. बघते म्हणता म्हणता चांगला अर्धा तास वाचायच्या. पहिले दोन-तीन दिवस आमच्या लक्षातच आलं नाही. मग प्रकाशच्या लक्षात आलं.

"दाजी, बाई फुकटात कादंबरी वाचून राहिली!"

मी सिस्टरांना म्हणालो, "घेऊनच टाका की आता."

"घेणार आहे ना! पोरीची हॉस्टेलची फी भरली की घेणार. तोवर भाव पण उतरंल." आणि परत डोकं खाली. त्या अजिबात लाजल्या नाहीत, आणि मला ते आवडलं. कपड्याच्या दुकानात बायका पंचवीस साड्या अंगावर टाकून बघतात, मग ह्यांनी पंचवीस पानं बघितली तर काय बिघडलं?

*

आणि फायदाही झाला. तेच प्रोफेसर परत आले तेव्हा सिस्टर वाचत होत्या.

"बाई, कसं आहे हो हे?" त्यांनी विचारलं.

सिस्टरांनी मान वर न करता अक्षर मोठं करून दाखवलं. "हे बघा. आन् आता मला बोलायला लावू नका, मोठीनं दार लावून घेतलंय."

"कोणत्या मोठीनं?"

मग सगळा कथाभाग झाला. दोघी बहिणी. आई गेल्यावर मोठीनं धाकटीला घराबाहेर काढलं. धाकटी शहरात राबते, आणि इकडं मोठी आजारी पडलीय. आता धाकटी परत येते की नाही, एवढाच प्रश्न.

प्रोफेसर म्हणाले, "येणार नाही. मी असतो तर आलो नसतो."

"तुम्ही पुरुष आहात," सिस्टर म्हणाल्या.

सर तिथल्या तिथं तीच कादंबरी भरून मशीन घेऊन गेले! का, तर सिस्टरांच्या आधी शेवट वाचून त्यांना खोटं पाडायचं म्हणून. दुसरा पीस गेला. तीन दिवसांनी सर दुकानावरून चालले होते. प्रकाशनं हाक मारली, "सर, आली का धाकटी?" सरांनी हात जोडले आणि घाईनं पुढं गेले.

*

त्यानंतर अख्ख्या गल्लीला वेड लागलं. सिस्टर वाचून झालं की जाताना थोडक्यात सांगायच्या. शेजारचे चहावाले अन्सारभाई चहा देता देता विचारायचे, "क्यों सिस्टर, छोटी निकली क्या?"

"नुसतं तिकीट काढलंय अजून."

"चलो, इतना तो हुआ!"

प्रकाश मात्र तोंड वाकडं करून बसायचा. "लायब्ररी झालीय दुकानाची." पण सिस्टर सांगायला लागल्या, की ह्याला नेमकी त्याच वेळी काउंटरची काच पुसायची असायची. काच इतकी चकचकीत आमच्या दुकानात कधीच नव्हती.

एकदा एका गिऱ्हाइकाला दाखवताना त्याच्या बोटानं चाळीसेक पानं पुढं सरकली. सिस्टर आल्या, वाचायला लागल्या आणि ओरडल्या, "कुणी हात लावला? मोठी एकदम बरी कशी झाली?"

प्रकाशनं निम्मी संध्याकाळ घालवून पान शोधून दिलं. तेव्हापासून तो गिऱ्हाइकाला दाखवताना एक पान पुढं न्यायचा आणि लगेच एक पान मागं आणायचा. दवाखान्यात सलाइन लावलेल्या माणसाला जपतात तसं तो त्या मशीनला जपायचा. मी म्हणालो, "अरे, एवढी काळजी आहे तर तूच वाचून टाक की शेवट."

"सिस्टरच्या आधी? पाप लागंल दाजी!"

*

तिसरा पीस नेला अद्रकवाल्या काकांनी. बऱ्याच दिवसांनी आले, हातात लग्नाची पत्रिका. लेकीचं ठरलं होतं.

"या काका, काय देऊ?"

"कपाट घेतलं, कपडे घेतले. आता ते तुमचं दुसरं कपाट द्या. भरून द्या पण!"

प्रकाशनं लेकीला फोन लावून तिच्या आवडीची पुस्तकं विचारली आणि भरून दिली. पुस्तकांचे पैसे काकांनी दिले. वर म्हणाले, "जावयाला सांगितलंय, माझी पोरगी वाचत आसंल तवा चहा तूच करायचा."

काका गेले आणि प्रकाशनं टाळी वाजवली. "दाजी, एकच राहिला! डेमोचा! तो गेला की मी मुंबईला!" त्यानं त्याच दिवशी खरेदीची यादी करायला घेतली. डेमोच्या पीसला चिठ्ठी लावली, 'सवलतीत विकणे आहे'.

*

त्याच आठवड्यात सिस्टरांची ड्युटी लसीकरणाला लागली. गावोगाव फिरायचं, आठ दिवस शहरात येणं नाही. जायच्या आदल्या संध्याकाळी त्या घाईघाईनं वाचत होत्या. शेवटचीच काही पानं उरली होती, तेवढ्यात घरी जायच्या सिटी बसची वेळ झाली. पिशवी उचलून म्हणाल्या, "धाकटी फाट्यावर उतरलीय. गाव दिसून राहिलंय तिला. पान हलवू नका बरं!"

अन्सारभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "या अल्लाह, आठ दिन?"

आणि तिसऱ्याच दिवशी एक माणूस आला. अजिंठ्याहून. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. चिठ्ठी वाचली, मशीन हातात न घेताच विचारलं, "कितीला?"

मी सांगितलं.

"द्या."

मी एवढी वर्षं औरंगपुऱ्यात बसतोय, पण पहिल्या भावाला 'द्या' म्हणणारं गिऱ्हाईक मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं! मी बिलबुक ओढलं. प्रकाशला म्हणालो, "पॅक कर रे! आणि उद्याचं मुंबईचं तिकीट काढ!"

प्रकाश हलला नाही. मशीन त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

"हा नाय विकायचा."

"अरे, चिठ्ठी तूच लावलीस!"

त्यानं चिठ्ठी उपटली आणि खिशात कोंबली. "आता नाय लावलेली."

"तुझी खरेदी, प्रकाश! मुंबई!"

"ऱ्हाऊ द्या दाजी मुंबई."

गिऱ्हाईक चिडलं. साहजिकच आहे. "अहो, मी अजिंठ्याहून आलोय. पूर्ण पैसे देतोय. एक रुपया कमी करा म्हणालो नाही. मग विकायला अडचण काय आहे?"

प्रकाशनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा अन्सारभाईंकडं पाहिलं. मग हात जोडून अगदी काकुळतीला येऊन म्हणाला,

"साहेब, धाकटी अजून फाट्यावर उभी आहे हो!"