तलावांचं पत्र

सावली गावातल्या बियाण्यांच्या दुकानात बसणारा एक गृहस्थ दर सोमवारी आसपासच्या तलावांची खबर ईमेलने पाठवतो. कुठे पाणी किती, कुठे कोणता मासा लागला. भेटला की मी "पत्र झकास होतं" म्हणायचो. उघडलं एकही नव्हतं. बायकोचा निरोपसुद्धा मी दुसऱ्या दिवशी वाचतो, तिथे तलावांचं काय!

परवा तो घरीच आला. चहा निवत ठेवून त्याने हात पुढे केला. "भाऊ, मोबाईल द्या जरा."

त्याने स्पॅमचा कप्पा उघडला. लॉटरी आणि टक्कलाच्या तेलाच्या जाहिरातींमध्ये त्याची महिन्याभराची पत्रं पडली होती. त्याआधीची आपोआप पुसली गेली होती. मी कपबशीकडे बघत राहिलो. तो एकेक पत्र 'स्पॅम नाही' करून, जाळ्यातली मासोळी सोडवावी तसं हळूच बाहेर काढत होता.

"सगळ्यांकडे असेच जाता?"

"जातो ना. काल मुलचेऱ्याले एकाकडे गेलो होतो. त्याचा मोबाईल पोराजवळ, अन् पोरगा नागपूरले." तो गाडीची किल्ली चाचपत उठला. "एखादं उत्तर टाकत जा, भाऊ. उत्तर आलं का मशीनले वाटते, हा मानूस वळखीचा आहे."

"अजून कोणीच नाही टाकलं?"

"नाई. सगळेच म्हणतेत, झकास होतं."

त्याची गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत मी उत्तर लिहायला बसलो. 'झकास' लिहिलं. मग ते पुसलं आणि पहिल्यांदा पत्र वाचायला घेतलं.