माझ्याच बोरचं पाणी मी नाकारलं

मंडळी, सकाळपासून कशात मन लागत नाहीये, म्हणून इथं लिहितोय.

निघोज्यात माझ्या चार रूम आहेत. गुंतवणूक म्हणून बांधल्या. चाकणच्या कंपन्यांतली माणसं भाड्यानं राहतात. पाणी बोरचं. हल्ली त्याला वास येतो, वर तवंग दिसतो. तरी मी ते तपासून घेतलं नाही. रिपोर्ट वाईट आला तर रूम रिकाम्या होतील ना! मी स्वतः राहतो चिंचवडला, नळाच्या पाण्यावर.

आज बोरची मोटर बघायला गेलो होतो. परभणीकडच्या एका जोडप्यानं घरात बोलावलं. नवऱ्याची शिफ्टला जायची घाई. बायकोनं पाण्याचा ग्लास पुढं केला.

"राहू दे गं, आत्ताच पिऊन आलो," मी म्हणालो. साफ खोटं. उन्हानं घसा कोरडा पडला होता.

"घ्या की काका, जारचं हाय," ती म्हणाली. "तुमी येणार म्हणून आणलंय. आमी बोरचंच पितो."

म्हणजे मी ते पाणी पिणार नाही, हे तिला आधीच ठाऊक होतं.

रूममालकांनो, खरं सांगा, तुमच्या बोरचं पाणी तुम्ही शेवटचं कधी प्यायलात?