फुलाखालची माणसं

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरातल्या कॅरिबॅगांसारखे ते आपोआप साठतात आणि एक दिवस कपाट उघडलं की अंगावर येतात!

घोडेगावात घराच्या पुढच्या खोलीत मी ग्रीटिंग कार्डं करते. इंटरनेटवरून रंगीत कागद, फ्रेमा, रिबिनी, बटणं, फुलं यांची चित्रं उतरवून घ्यायची, कॉम्प्युटरवर फोटोभोवती मांडायची आणि जाड कागदावर छापायची. कापायला-चिकटवायला शेजारची शबाना येते. तिचं माहेर जुन्नरचं आणि जीभ कात्रीपेक्षा धारदार. आठ वर्षं झाली. मान गेली, डोळे गेले, प्रिंटर तर दोनदा गेला. खरं सांगते, कंटाळा आलाय. कधीच बंद केलं असतं हे सगळं. पण कॉम्प्युटरमध्ये महाळुंग्याच्या एका आजींची फाईल आहे, ती टाकून उठता येत नाही. ती शेवटी सांगते.

*

शिनोलीच्या एका गुरुजींना निवृत्तीच्या दिवशी विद्यार्थ्यांनी आमचं कार्ड दिलं. वर लाल रिबिनीची गाठ, तिच्याखाली सावली, हात लावावा अशी खरी! दोन दिवसांनी गुरुजींचे थोरले भाऊ कार्ड घेऊन दारात उभे. मधोमध कात्रीनं कापलेलं.

"ताई, गाठ सुटंना म्हणून कापली. आत तर कायच न्हाई!"

"अहो बाबा, ती छापलेली रिबीन आहे."

"मंग सोडायचीच नव्हती तर बांधली कशाला?"

दुसरं कार्ड करून दिलं, बिनरिबिनीचं.

*

अवसरी खुर्दचा एक तरुण आला. नुकताच साखरपुडा झालेला, होणाऱ्या बायकोचा वाढदिवस. पेनड्राईव्हमध्ये एकोणीस फोटो, सगळे मिशीवाले.

"हे कोण?"

"शुभेच्छुक."

"अरे, कार्ड एकट्या मुलीला द्यायचंय ना?"

"व्हय. पण मंडळातली पोरं रुसतील ना, ताई. माझ्या फ्लेक्सवर सगळे व्हते!"

झालं. गुलाबी कागद, कोपऱ्यात फुलपाखरं आणि खाली एकोणीस डोकी, गॉगलसकट. त्या गर्दीत मुलीचा फोटो मावेना, तेव्हा म्हणतो, "ऱ्हाऊ द्या. तिला तिचं तोंड म्हाईतच हाय!"

शबाना मान वर न करता म्हणाली, "भाऊ, लगीन तरी एकट्यानं करा."

*

लोकांना वाटतं, या कामात फोटो सजवायचा असतो. छे! निम्मा वेळ माणसं काढण्यात जातो.

एका बाईंनी दिवाळीच्या कार्डाला घरच्यांचा फोटो आणला आणि म्हणाल्या, "यातला जावई काढा." जावयाचा हात नेमका त्यांच्या मुलीच्या खांद्यावर. दीड तास मी एकेक बोट सोडवत बसले. पाचवं बोट निघालं तेव्हा माझ्या मानेत लचक भरली होती.

संक्रांतीला बाई हजर. तोंडभर हसू.

"ताई, मिटलं आमचं! जावई घाला परत."

तेव्हापासून मी कुणाला कापत नाही. नको असलेल्या माणसावर एक मोठंसं फूल ठेवते. रुसवा निघाला की फूल उचलायचं, माणूस खाली जागच्या जागी असतो. बाईंना त्या फुलाचं समजावून सांगत होते, तर शबाना म्हणाली, "फूल लांब ठेवू नको गं. दिवाळी परत येते."

*

आता ती फाईल.

महाळुंगे पडवळचे दोघे भाऊ. शेताला पाणी द्यायच्या पाळीवरून बिनसलं, तेव्हापासून एका घरात मधे भिंत आणि बोलणं बंद. आईला पंचाहत्तरावं लागलं. घरात तिघांचा मिळून एकच जुना फोटो. मधे आई, दोन बाजूंना दोन मुलगे, एकाच कापडाचे शर्ट घातलेले.

सकाळी थोरला आला. "आईचं कार्ड करा. पण धाकट्यावर फूल टाका."

दुपारी धाकटा आला, तोच फोटो घेऊन. "थोरल्यावर कायतरी टाका. मोठं टाका."

मी दोघांनाही काही बोलले नाही. पाठ मोडून आली होती, वाद घालायचं त्राण नव्हतं. दोन कार्डं करून दिली. संध्याकाळी मात्र स्वतःचीच लाज वाटली.

आठ दिवसांनी आजी स्वतः आल्या. जीपमधून, एकट्याच. पिशवीतून दोन्ही कार्डं काढून टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली आणि एका फुलावर बोट टेकवलं.

"ह्याच्याखाली माझा धाकटा हाय ना?"

"हो, आजी."

"आन ह्याच्याखाली थोरला. काढ फुलं."

कॉम्प्युटरवर फोटो उघडून मी दोन्ही फुलं उचलली. दोघे भाऊ खाली होते तसेच होते. आजी पडद्याजवळ तोंड नेऊन बराच वेळ बघत राहिल्या. शबानानं कात्री खाली ठेवली.

"आता एक फूल माझ्या तोंडावर ठेव."

"आजी, असं अभद्र नका बोलू!"

"ठेव म्हन्ते ना. आन दोन कार्डं काढ. एकेकाला एकेक."

ठेवलं. मला रडू आवरेना, पण ठेवलं. कार्डं छापली, शबानानं नीट कापून दिली. आजींनी ती पिशवीत घातली आणि दारात जाऊन वळल्या.

"ते फूल काढाया येत्याल तुज्याकडं. एकटा आला तर काढू नको."